वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचा प्रतिध्वनी

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी 2.4 गिगाहर्ट्झवर दोन एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ) बोर्डांमध्ये क्यूपीएसके लिंक केली आहे, म्हणजे दर सिम्बॉलला चारपैकी एक फेज, आलेखावर चारपैकी एक ठिपका; सेकंदाला 10 लाख सिम्बॉल. टेबलावर चार ठिपके स्वच्छ येतात. गच्चीवरून समोरच्या इमारतीकडे पाठवलं की ठिपक्यांचा नुसता ढग. पॉवर वाढवूनही फरक नाही. सिम्बॉलमागे एक असा 11 टॅपचा (टॅप म्हणजे उशिराच्या सॅम्पलला गुणणारा आकडा) एलएमएस इक्वलायझर, म्हणजे चूक बघून टॅप स्वतः सुधारणारा फिल्टर लावला, म्यू (दर सुधारणेचं पाऊल) 0.01, क्षणात आउटपुट हाताबाहेर जातं.
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : गच्चीवर तुमचा सिग्नल कुठल्यातरी इमारतीवर आपटून उशिरा पुन्हा येतोय, हा प्रतिध्वनी ठिपके विस्कटतो. पॉवर वाढवली की प्रतिध्वनीही तितकाच वाढतो, त्यामुळे ढग तसाच राहतो. तो किती उशिरा येतो ते आधी मोजा. 127 बिटांचा पीएन क्रम (यादृच्छिक दिसणारा, पण ठरलेला) पाठवून रिसीव्हरमध्ये त्याच क्रमाशी कोरिलेशन घ्या, म्हणजे तो सरकवत किती जुळतो ते बघा. समजा, दुसरं शिखर दोन सिम्बॉलनंतर आणि निम्म्या उंचीचं दिसलं. म्हणजे 2 मायक्रोसेकंद, 600 मीटर जास्तीचा रस्ता. रिसीव्हरच्या बरोबर मागे 300 मीटरवर काचेची इमारत असली की एवढं होतं.

आउटपुट उडतंय, म्हणजे बहुधा बोर्डाचे 12 बिटी आकडे तसेच आत सोडलेत. 2 ला टॅपसंख्या गुणिले सरासरी पॉवरने भागून जे येईल, म्यू त्याच्या आत हवा. आकडे दोन हजारांपर्यंत जात असतील तर पॉवर लाखांत जाते, मग 0.01 प्रचंडच. पॉवर 1 वर आणा. मर्यादा 0.18 येईल, तिच्या दहाव्या हिश्शापासून, म्हणजे 0.02 च्या आसपास सुरुवात करा. तरीही उडालं तर कोडमधल्या टॅप बदलणाऱ्या ओळीत कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं करणं) विसरलात का बघा.

सुरुवातीला मधला टॅप 1 ठेवायची पुस्तकी सवय इथे नडते. वरच्या निम्म्या उंचीच्या प्रतिध्वनीला पुसायला 1, −0.5, 0.25, −0.125 अशी एकाआड एक टॅपांची माळ लागते. मधल्यापासून मोजलं तर तीनच मणी बसतात आणि 12.5 टक्के प्रतिध्वनी उरतो. पहिला टॅप मुख्य धरा, सहा बसतात, उरतो 1.6 टक्के. ट्रेनिंगचा (रिसीव्हरला आधीच माहीत असलेला) क्रमही मग त्याच टॅपाशी जुळवायचा, नाहीतर एलएमएस भलतंच शिकतो.

प्रतिध्वनी मूळ सिग्नलच्या 0.9 पट निघाला तर ही माळ संपतच नाही, शिवाय काही फ्रिक्वेन्सींवर गोंगाट दहापट वाढतो. तिथे डिसिजन फीडबॅक वापरा: दोन सिम्बॉल आधीचा निर्णय 0.9 ने गुणून वजा करायचा. एक निर्णय चुकला की पुढचेही काही चुकतात, एवढी किंमत मोजावी लागते.

आणि या सगळ्याआधी कॅरियर ऑफसेट, म्हणजे दोन बोर्डांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, काढून टाका. बोर्डांच्या घड्याळांत दहा लाखांत 1 एवढा फरक असला तरी 2.4 किलोहर्ट्झ होतात. शंभरेक सिम्बॉलमध्ये ठिपके पाव फेरी फिरतात, आणि 0.02 चा म्यू त्यांच्यामागे नीट धावू शकत नाही.