फरक किती येतोय, ते आधी सांगा

या महिन्याच्या टपालात पायथन या संगणकभाषेतल्या बेरजाच बेरजा आहेत. बहुतेक पत्रांत "उत्तर चुकतंय" एवढंच लिहिलेलं आणि खाली अख्खा कोड चिकटवलेला. शिकवायला लागण्याआधी मी एका सहकारी बँकेच्या हिशेब खात्यात होते. दिवसअखेर टॅली जुळली नाही की आमचे हेडक्लार्क कुणाला व्हाउचरं चाळू द्यायचे नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "फरक किती?" फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल, ५४ चे ४५ झालेले. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर नावेची रक्कम जमेला पडलेली. मग नेमकी तेवढीच व्हाउचरं काढायची. पायथनच्या कोडलाही मी हाच प्रश्न विचारते.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यादीच्या आत यादी असली तरी सगळ्या आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहायचं होतं. [१, २, [३, ४], ५] दिलं तर १५ यायला हवेत, येतात ८. मित्र म्हणाला, 'एकूण' ग्लोबल कर. केलं, तर १२ आले. एरर काहीच येत नाही, मग बघू कुठे? आणि तयार सम() असताना हे सगळं करायचंच कशाला?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : शेवटचं आधी. सम() शून्यापासून सुरुवात करतो आणि एकेक घटक त्यात मिळवतो. १ मिळवला, २ मिळवले, पुढे यादी आली. आकडा अधिक यादी हे पायथनला जमत नाही, म्हणून तो टाइपएरर देऊन थांबतो. तुझं फंक्शन थांबत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं.

आता फरक. १५ वजा ८ म्हणजे ७. तुझ्या यादीत ७ कुठे आहेत? ३ आणि ४. म्हणजे आतली यादी अख्खी गळाली आणि बाकीचं सगळं नीट मिळवलं गेलं. कोड वाचायच्या आधीच आपल्याला कळलं की आतली यादी लागल्यावर काय होतं, फक्त तेवढंच बघायचंय. तुझा कोड इथे देवनागरीत छापतेय. तसं म्हटलं तर 'एकूण', 'यादी' ही नावं पायथन ३ देवनागरीतही चालवून घेतो, पण डेफ, फॉर वगैरे शब्द रोमनमध्येच टाइप करावे लागतात.

डेफ बेरीज(यादी):
    एकूण = ०
    फॉर घटक इन यादी:
        इफ इझइन्स्टन्स(घटक, लिस्ट):
            बेरीज(घटक)
        एल्स:
            एकूण = एकूण + घटक
    रिटर्न एकूण

पाचवी ओळ बघ. फंक्शनने आतल्या यादीसाठी स्वतःलाच हाक मारली, त्या दुसऱ्या फेरीने ३ आणि ४ चे ७ करून परत पाठवले, आणि बाहेर ते घ्यायला कुणीच नाही. सात रुपये घेऊन पोरगं दारात उभं आणि घरात कुणाचं लक्ष नाही, तसं. तिथे एकूण = एकूण + बेरीज(घटक) असं लिही, १५ येतील.

तुझ्या मित्राच्या सल्ल्याने आलेले १२ मला जास्त आवडले. १५ वजा १२ म्हणजे ३, आणि आतल्या यादीच्या आधीचे १ आणि २ मिळून होतात ३. ग्लोबल केल्यावर सगळ्या फेऱ्यांचा 'एकूण' एकच झाला. आतली फेरी सुरू झाली तशी तिने पहिल्या ओळीतच तो शून्य केला आणि आधीची जमा पुसली. पुढे ३, ४, ५ मिळवले गेले, झाले १२. मित्र आता म्हणेल, शून्याची ओळ फंक्शनच्या बाहेर काढ. काढलीस तर १५ येतील, शाबासकीही मिळेल. तेच फंक्शन लगेच परत चालवून बघ, ३० येतील. ग्लोबलच्या नादी लागू नकोस.

तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांसाठीही सांगते. रिटर्नची ओळ चुकून फॉरच्या आत सरकली तर या यादीला उत्तर १ येतं. शून्याची ओळ फॉरच्या आत गेली तर ५ येतं, शेवटचा घटक तेवढा उरतो. प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं. पण १, २, ३, ४, ५ हे आकडे चाचणीसाठी तितकेसे बरे नाहीत, कारण ५ म्हणजे ५ की २ आणि ३, हे कळत नाही. त्याऐवजी [१, १०, [१००, १०००], १००००] घे. बरोबर उत्तर पाच एक्के: ११,१११. तुझा पहिला कोड देईल १०,०११, म्हणजे शंभर आणि हजाराच्या जागी शून्य, तेच गळाले. ग्लोबलवाला देईल ११,१००, एकक आणि दहं पुसलं गेलं. एखाद्या जागी २ दिसला तर तो घटक दोनदा मोजला. वजाबाकीसुद्धा करावी लागत नाही, उत्तरच बोलतं.

प्रश्न : ताई, आमच्या दूध संकलन केंद्राच्या सीएसव्ही फाइलमध्ये तीन रकाने आहेत : सभासद क्रमांक, सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर. पोराने दोन्ही रकान्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहून दिला. सकाळची बेरीज पैशापर्यंत बरोबर, संध्याकाळची शून्य. पोरगा म्हणतो, संध्याकाळचा माणूस मराठी आकड्यांत टाइप करतो म्हणून. खरं का? आणि फॅटचा रकाना जोडला तर त्याची पण बेरीज अशीच करायची का?
– केंद्रचालक, ता. माढा

उत्तर : संध्याकाळच्या माणसाला बोल लावू नका. पायथनचे इंट() आणि फ्लोट() देवनागरी आकडे वाचतात, फ्लोट()ला '१२.५' दिलं तर साडेबाराच येतात. मधे टिंबाऐवजी स्वल्पविराम असता किंवा खाना रिकामा असता तर व्हॅल्यूएरर येऊन प्रोग्रॅम थांबला असता. तुमचा थांबला नाही, शून्य सांगून मोकळा झाला.

इथे फरक आहे अख्ख्या रकान्याचा. एखादी ओळ चुकली असती तर थोडं कमी-जास्त आलं असतं. चोख शून्य आलं याचा अर्थ मिळवण्याची ओळ एकदाही चालली नाही. पोराने लिहिलंय असं : फाइल उघडली, सीएसव्हीचा रीडर बनवला, मग बाहेर रकान्यांचं लूप आणि आत रीडरच्या ओळींचं लूप. रीडर फाइल वरून खाली एकदाच वाचतो. सकाळच्या रकान्यासाठी तो तळाला पोहोचला, आणि संध्याकाळच्या फेरीला त्याच्याकडे एकही ओळ उरली नव्हती. पायथन याला चूक मानत नाही. ओळी नाहीत, काम नाही, बेरीज शून्य. खात्री करायची तर लूपमधले रकाने उलटे लावा. संध्याकाळ बरोबर येईल आणि सकाळ शून्य होईल.

उपाय दोन. रीडर बनवल्यावर लगेच लिस्ट(रीडर) करून सगळ्या ओळी एका यादीत घ्या, ती कितीदाही फिरवता येते. किंवा, आणि मी असंच करेन, ओळींचं लूप एकच ठेवा आणि त्याच फेरीत दोन्ही बेरजा करा. पहिली ओळ मथळ्याची असेल तर ती आधी सोडून द्यायला विसरू नका, 'लिटर' या शब्दाचं फ्लोट होत नाही.

फॅटची बेरीज करू नका, त्या बेरजेला काही अर्थ नाही. सरळ सरासरीही नको. एकाचं १० लिटर ३.५ फॅटचं आणि दुसऱ्याचं ३० लिटर ४.५ चं असेल तर सरळ सरासरी ४.० येते. कॅनमध्ये मात्र १० गुणिले ३.५ म्हणजे ३५ आणि ३० गुणिले ४.५ म्हणजे १३५, मिळून १७०, भागिले ४० लिटर, म्हणजे ४.२५ फॅट आहे. प्रत्येक ओळीला लिटर गुणिले फॅट करा, त्याची बेरीज घ्या आणि एकूण लिटरने भागा. एसएनएफलाही, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागालाही, हेच. पाव पॉइंट फॅटवर दर बदलतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : स. न. वि. वि. आठवीच्या गणिताचे गुण एक्सेलमध्ये आहेत. तिथे बेरीज नीट येते. तीच फाइल सीएसव्ही करून पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे पांडाज्‌मध्ये घेतली आणि रकान्याला सम() लावला, तर "३५गैह४२२८…" अशी लांबलचक आगगाडी येते. एक्सेलला जमतं ते पायथनला का जमू नये?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, उत्तर तुमच्या आगगाडीतच आहे : गैह. गैरहजर मुलाच्या खान्यात तुम्ही ते लिहिलंत. रकान्यात एक जरी शब्द असला तरी पांडाज् तो सगळा रकाना मजकूर म्हणून घेतो, ३५ सुद्धा. मजकुराची बेरीज म्हणजे एकाला एक चिकटवणं. रकान्याचा डीटाइप, म्हणजे प्रकार, छापून बघा, आकड्यांचा नसेल.

एक्सेलचा सम मजकुराचे खाने काही न बोलता वगळतो. त्यामुळे तिथे नीट दिसलं. पण उद्या कुणी ३५ हा आकडाच मजकूर म्हणून भरला तर एक्सेल तोही तसाच गिळेल. मला विचाराल तर आगगाडी परवडली, ती निदान दिसते.

टू_न्यूमरिक वापरा आणि एरर्सला कोअर्स सांगा. ज्याचा आकडा होत नाही तिथे नॅन, म्हणजे रिकामी जागा, होईल आणि सम() ती सोडून बेरीज करेल. मात्र त्यानंतर रिकाम्या जागा मोजाच : इझना() आणि त्यावर सम(). हजेरीपटावर त्या दिवशी तीन मुलं गैरहजर आणि इथे रिकामे खाने चार, तर एका मुलाचे गुण '४o' असे, शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप होऊन, बाद झालेत. आणि मीन() हजर मुलांच्याच संख्येने भागतो. गैरहजराला शून्य धरायचं की वगळायचं, हे तुमच्या शाळेने ठरवायचं, पांडाज्‌ने नाही.

प्रत्येक मुलाची सगळ्या विषयांची बेरीज हवी असेल तेव्हा अ‍ॅक्सिस १ सांगा. न सांगितल्यास विषयवार, म्हणजे उभी बेरीज येते.

प्रश्न : आमची सोसायटी चार मजल्यांची, दर मजल्यावर तीन फ्लॅट. मेंटेनन्ससाठी [[०] * ३] * ४ असा तक्ता केला. एकाच फ्लॅटचे १५०० भरले तर एकूण ६००० दिसतात.
– सोसायटीचे सेक्रेटरी, पुणे

उत्तर : बरोबर चौपट, आणि मजले चार. बाहेरच्या गुणिले ४ ने चार याद्या होत नाहीत. एकच यादी चार ठिकाणी दाखवली जाते, म्हणून एका मजल्यावर भरलेले पैसे चारही मजल्यांवर दिसतात. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे कंसातच लूप लावून यादी बनवायची रीत, वापरून [[०] * ३ फॉर मजला इन रेंज(४)] लिहा, दर मजल्याला नवी यादी बनेल. आतलं गुणिले ३ तसंच राहू द्या. तिथे नुसते आकडे आहेत, त्याने बिघडत नाही.

प्रश्न : ०.१ हा आकडा दहा वेळा असलेल्या यादीची सम() ने बेरीज केली. कॉलेजच्या संगणकावर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते, घरी १.० येते. कोड तोच आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कॉलेजचं पायथन जुनं आहे. ३.१२ या आवृत्तीपासून सम() अपूर्णांकांची बेरीज जास्त काटेकोर पद्धतीने करतो. घरीसुद्धा सम() ऐवजी फॉर लूपने एकेक ०.१ मिळवून बघा, तेच नऊ दिसतील. ०.१ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत, नेमका मांडता येत नाही, त्याचा हा परिणाम. जुन्या आवृत्तीवर मॅथ मॉड्यूलचा एफसम() वापरा. पैशाचा हिशेब असेल तर रुपये अपूर्णांकात ठेवूच नका. सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि शंभराने भागायचं ते फक्त छापताना.