द्विपक्षीय व्यवस्थेत लहान पक्षाला भवितव्य असते का?

जिथे दोनच मोठे पक्ष आलटूनपालटून सत्तेवर येतात तिथे तिसऱ्या, लहान पक्षाला काही भवितव्य असते का, आणि त्याला दिलेले मत वाया जाते का, असे आपण विचारले आहे. भवितव्य असते, असे माझे मत आहे; मात्र त्या पक्षाला देशभरात एकूण किती मते पडतात यापेक्षा ती कोठे पडतात यावर ते अधिक अवलंबून असते. ब्रिटनमधील लिबरल पक्षाच्या उदाहरणावरून हे मी सांगतो, कारण मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येण्याची त्या देशाची पद्धत आपल्याही लोकसभेला आणि विधानसभेला लागू आहे.

१९०६ साली लिबरल पक्ष सुमारे ४०० जागा घेऊन सत्तेवर होता आणि मजूर (लेबर) पक्ष २९ जागांचा लहान पक्ष होता. त्या २९ पैकी अनेक जागा १९०३ सालच्या गुप्त समझोत्यामुळे, म्हणजे लिबरलांनी काही ठिकाणी आपला उमेदवार उभा न केल्यामुळे मिळालेल्या होत्या. पुढे १९१६ साली अॅस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज या लिबरल पक्षाच्या दोन प्रमुख नेत्यांत फूट पडली, पक्ष दुभंगला आणि १९२२ च्या निवडणुकीत मजूर पक्ष त्याच्या पुढे गेला. तिसऱ्याला दुसरा होण्याची संधी मिळते ती बहुधा अशीच, मोठ्या दोघांपैकी एक आतून फुटल्यावर. ती केव्हा येईल हे लहान पक्षाच्या हातात नसते. तोवर तग धरणे एवढेच हातात असते, आणि तेच सर्वांत कठीण आहे. १९५० साली लिबरलांनी ४७५ उमेदवार उभे केले, त्यांपैकी ३१९ जणांच्या अनामत रकमा जप्त झाल्या. पुढच्याच वर्षी पक्ष ६ जागांवर आला.

मतांचा विखुरलेपणा किती महागात पडतो ते १९८३ साली दिसले. मजूर पक्षातून फुटून निघालेल्या नेत्यांच्या नव्या पक्षाशी लिबरलांनी युती केली आणि या युतीला २५.४ टक्के मते मिळाली, मजूर पक्षाला २७.६ टक्के. जागा मात्र युतीला २३ आणि मजूर पक्षाला २०९ होत्या! मजूर पक्षाची मते कारखान्यांच्या आणि खाणींच्या पट्ट्यांत एकवटलेली होती. युतीची मते सर्वत्र थोडीथोडी पसरलेली असल्यामुळे तिचे उमेदवार ठिकठिकाणी दुसरे येत राहिले.

यातून सावरण्याचा मार्ग पक्षाला स्थानिक कामातून सापडला. उखडलेला रस्ता, न उचललेला कचरा अशा प्रश्नांवर गल्लोगल्ली पत्रके वाटणारे कार्यकर्ते आधी स्थानिक परिषदांवर निवडून येत आणि तिथे पाय रोवल्यावर संसदेची जागा लढवत. युतीतील दोन्ही पक्षांच्या १९८८ च्या विलीनीकरणानंतर लिबरल डेमोक्रॅट झालेल्या या पक्षाची मते १९९२ च्या १७.८ टक्क्यांवरून १९९७ साली १६.८ टक्क्यांवर उतरली, तरी जागा २० वरून ४६ झाल्या, कारण जिथे जिंकणे शक्य होते तिथेच त्याने बळ लावले आणि हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला हरवू पाहणारे मजूर पक्षाचे मतदार तिथे त्याच्या मागे उभे राहिले. (आपल्याकडे शेतकरी कामगार पक्ष राज्यभर क्षीण होत गेला असतानाही गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर गेले, हे याच जातीचे बळ आहे.)

सत्तेतील वाटा मात्र लहान पक्षाला सोसत नाही. २०१० साली ५७ जागा घेऊन लिबरल डेमोक्रॅट हुजूर पक्षाबरोबर सरकारात गेले. विद्यापीठांचे शुल्क वाढू देणार नाही असे त्यांच्या उमेदवारांनी लेखी वचन दिले होते, तरीही त्याच वर्षी शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर नेण्याच्या बाजूने त्यांच्या अनेक खासदारांनी मतदान केले. सत्तेच्या बदल्यात त्यांना मतदानपद्धतीवर सार्वमत मिळाले, तेही मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वावर नव्हे, मतदाराने उमेदवारांना पसंतीचा क्रम देण्याच्या मतदानावर, आणि २०११ साली जवळपास ६८ टक्के लोकांनी तो बदल नाकारला. २०१५ साली पक्षाचे ८ खासदार उरले. मोठा पक्ष वचन मोडूनही टिकतो, कारण त्याच्या मतदाराला समोर दुसरा एकच पर्याय दिसतो आणि तो त्याला नको असतो. लहान पक्षाजवळ विश्वासाखेरीज दुसरी पुंजी नसते, म्हणून ती चूक मला अक्षम्य वाटते.

तरीही तो पक्ष संपला नाही. २०१९ साली साडेअकरा टक्क्यांच्या आसपास मतांवर ११ जागा मिळवणाऱ्या याच पक्षाने २०२४ साली सुमारे १२ टक्के मतांवर ७२ जागा जिंकल्या, तर त्याच निवडणुकीत १४ टक्क्यांहून अधिक मते घेणाऱ्या रिफॉर्म पक्षाला ५ जागा मिळाल्या.

आता आपल्या मताविषयी. तो लहान पक्ष आपल्या मतदारसंघात पहिल्या दोघांत असेल, किंवा निदान स्थानिक निवडणुकांत त्याचे लोक निवडून येत असतील, तर आपले मत मुळीच वाया जात नाही. तसे नसेल, तर मतदानाच्या दिवसाआधीची चार वर्षे त्याच्या कार्यकर्त्यांबरोबर वॉर्डात काम करण्यात घालवावीत; त्या पक्षाला आपल्या एका मतापेक्षा या कामाची गरज अधिक आहे.