केबलची लाईन घेण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तीनशे कनेक्शनांची लाईन विकायला आहे, घेऊ का, असं तू विचारलंस. फोनवर नुसतं हो-नाही सांगितलं असतं. पण 2010 ते 2019 ही वर्षं आम्हा केबलवाल्यांची कशी गेली, ते आधी ऐक.

2010 ला माझ्या माडीवरच्या खोलीत प्रत्येक चॅनेलला एक मॉड्युलेटर, म्हणजे चॅनेल वायरीवर चढवणारं यंत्र, होता. रॅक भरला की चॅनेल संपले. त्यातही खालच्या बँडवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीला, चित्र स्वच्छ, वरच्या टोकाला नुसत्या मुंग्या. त्या खालच्या जागांसाठी चॅनेलवाले मोठ्या केबल कंपन्यांना पैसे मोजायचे. आमच्या बेळगावच्या शहापुरात मराठी चॅनेल मुंग्यांत गेलं की बायका वसुलीच्या पोराला दारातच धरायच्या. कन्नड वर ढकललं की दुसऱ्या गल्लीतून फोन. कुणी काय बघायचं हे माझ्या स्क्रूड्रायव्हरवर ठरायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

आणखी एक कबुली. कनेक्शनं तीनशे असली तर वर, म्हणजे ज्यांना पैसे भरायचे त्यांना, दीडशेच सांगायचो. गावोगाव हेच चाललेलं. 2011 मध्ये केबलचा कायदा बदलून डिजिटल सक्तीचं केलं, त्यामागं हेही एक कारण होतं. आधी महानगरं, मग 2013 मध्ये बेंगळुरू-म्हैसूर. आपल्या शहराचा नंबर तिसऱ्या टप्प्यात. मुदत डिसेंबर 2015 ची, पण कोर्टकचेऱ्यांत 2017 उजाडलं. घरोघर मोजता येणारा सेट-टॉप बॉक्स आला तशी आमची लपवाछपवी संपली. एका मॉड्युलेटरच्या जागेत दहा-बारा चॅनेल बसायला लागले आणि मुंग्याही गेल्या. माझा स्क्रूड्रायव्हर आता खुर्च्या दुरुस्तीला.

कार्यक्रमांचं म्हणशील तर 2015 पासून कोण काय बघतं याची बार्क या संस्थेची मोजणी सुरू झाली, त्यात खेडीही आली. त्यामुळेच असेल, मालिका दिवाणखान्यातून थोड्या बाहेर पडल्या. 2016 ला झी मराठीवर कोल्हापूरकडच्या पैलवानाची मालिका लागली, तेव्हा वसुलीला गेलो की लोक मला टीव्हीसमोर बसवून म्हणायचे, "ऐका, आपल्यासारखंच बोलतोय की!"

एक घर सांगतो. सासू मराठी, सून धारवाडकडची. 2018 ला सासूबाईंनी 'तुला पाहते रे' पाहिली. पुढच्या वर्षी तीच गोष्ट झी कन्नडवर 'जोते जोतेयली' म्हणून आली. सून रंगात येऊन बघायची आणि सासूबाई स्वयंपाकघरातून पुढचं सांगून मोकळ्या व्हायच्या. सुनेनं मलाच बोलावलं, "काका, अत्तेंचा (सासूबाईंचा) रिमोट बंद करा!" म्हटलं, हे रिमोटचं भांडणच नव्हे गं, तोंडाचा रिमोट माझ्याकडं नाही.

त्याच 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले. शंभर चॅनेलला 130 रुपये, वर जीएसटी, आणि पैशाचं चॅनेल ज्याचं त्यानं निवडायचं. आम्ही कागद घेऊन घरोघर फिरलो. ज्या केबलवाल्यांनी घाईत छापील कन्नड पॅक टाकून दिला, त्यांच्या मराठी घरांनी महिन्याच्या आत डिश बसवली. जिओ येऊन तर अडीच वर्षं झालेली. पोरं मोबाईलवर गेलीच होती, म्हाताऱ्या तेवढ्या आमच्याकडं उरल्या.

तेव्हा लाईन घ्यायची तर खांब आणि वायर मोजून पैसे देऊ नकोस. महिनाभर त्या लाईनच्या वसुलीवाल्या पोराबरोबर फिर. कुठल्या घरी आजी आहे, कुठं कन्नड आणि मराठी दोन्ही पॅक लागतात, कोण तीन महिने थकवतं, हे वहीत लिही. ती वही तीनशे घरांची झाली तरच सौद्याला बस. ज्या घरी नुसतं तरुण जोडपं आहे तिथं नेटची चौकशी कर, टीव्हीचं नाव काढू नको.

माझी जुनी वही कपाटात आहे. रविवारी ये, घेऊन जा. पहिल्या पानावर त्या सासूबाईंचं घर आहे. त्यांच्या रिमोटचं व्हॉल्यूमचं बटण अजून अडकतं, तेवढं बघून ये.

तुझा काका