ड्रॅगन फ्रूट फिकं का लागतं? आणि बांधावरच्या निवडुंगाची लाल बोंडं खाल्ली तर चालतात का?

फळ फिकं लागलं म्हणून तुम्ही ते चार दिवस ओट्यावर पिकत ठेवलंत आणि तरी गोडी आली नाही, असं लिहिलंय. ती येणारच नाही. आंबा, केळं, चिकू घरी पिकतात, पण ड्रॅगन फ्रूट झाडावरून तोडलं की त्याची गोडी तिथंच थांबते. नंतर ते नुसतं मऊ पडतं. त्यामुळे लक्ष द्यायचं ते विकत घेताना.

आमच्याकडे सांगोला-पंढरपूर भागात याच्या बागा झाल्यात. पावसाळा सुरू झाला की सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत जवळच्याच शेतातलं, झाडावर पुरतं रंगलेलं फळ मिळतं. घेताना साल सगळीकडून सारखी गुलाबी हवी, खवल्यांची टोकं जराशी कोमेजलेली हवीत आणि अंगठ्याने दाबल्यावर फळ किंचित दबायला हवं. खवले पार तपकिरी होऊन वाळले असतील तर ते शिळं. लाल गराचं पांढऱ्यापेक्षा सहसा गोड निघतं. पिवळ्या सालीचं सगळ्यांत गोड, पण ते इकडे क्वचितच दिसतं.

खायच्या आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग उभं कापून दोन फाका केल्या की साल हातानेच सुटते. बिया काढायच्या नाहीत, गराबरोबरच खायच्या. मधला गर जास्त गोड असतो, म्हणून लहान मुलांना आधी तोच द्यावा. लिंबू आणि काळं मीठ लावलं की चव एकदम खुलते.

फिकं निघालेलं फळ टाकून देऊ नका, त्याची कोशिंबीर करा. बारीक फोडी, शेंगदाण्याचं जाडसर कूट, हिरवी मिरची, मीठ, लिंबू आणि वरून जिरे-हिंगाची फोडणी. मीठ आणि कूट अगदी वाढायच्या वेळी घाला, नाहीतर मिठाने पाणी सुटतं. कडक भाकरीबरोबर ही कोशिंबीर मला गोड फळापेक्षाही आवडते. लाल गर शिजवू मात्र नका, उष्णतेने त्याचा सुंदर रंग उतरतो. हा रंग बीटाच्याच जातीचा आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली तरी घाबरायचं कारण नाही.

आता बोंडांचं. हो, फड्या निवडुंगाची पिकलेली बोंडं खातात. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो फड्याच्याच जातीच्या निवडुंगावर, आणि सौराष्ट्र-कच्छकडे बोंडांचं सरबत आवडीने पितात. पण आधी झाड नीट ओळखा. हाताच्या पंजाएवढ्या चपट्या फड्या एकीवर एक फुटलेल्या असतील तर तो फड्या. धारदार खोडाच्या दुसऱ्या निवडुंगाला खरचटलं की पांढरा चीक येतो. हा निवडुंग शेर नावाच्या चिकाच्या झुडपाच्या कुळातला, विषारी. चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. त्याचं काहीही तोंडात घालू नका.

फड्याचे मोठे काटे दिसतात तरी, खरा त्रास बोंडावरच्या केसाएवढ्या कुसळांचा. बोंड कधीच नुसत्या हाताने तोडू नका. चिमट्याने तोडा, गॅसच्या आचेवर फिरवत कुसळं जाळून घ्या आणि मग पाण्यात गोणपाटावर घासा. दोन्ही टोकं कापून सालीला उभी चीर दिली की ती सोलली जाते. एवढं करूनही एखादं कुसळ राहतंच, म्हणून मी बोंड तसंच खायला कुणाला देत नाही. गर कुस्करून मलमलच्या दुहेरी कपड्यातून गाळते. त्यात कुसळंही अडकतात आणि बियाही. या बिया दगडासारख्या कठीण असतात, भरपूर पोटात गेल्या तर शौचाला घट्ट होऊन फार त्रास होतो. गाळलेल्या रसात थंड पाणी, साखर, लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. पहिल्यांदा पिताय तर अर्धा पेलाच घ्या.