क्लिंगॉनमध्ये शब्द मागेपुढे केले तर चालतात का?

नाही चालत. क्लिंगॉन म्हणजे स्टार ट्रेक या विज्ञानकथा-चित्रपटांतल्या परग्रहवासीयांसाठी रचलेली भाषा. तुम्ही विचारलंय की क्रियापदाला उपसर्ग असताना कर्म-क्रियापद-कर्ता हा क्रम एवढा कडक कशाला, मराठीसारखे शब्द फिरवले तर काय बिघडतं. नेमक्या याच मुद्द्यावरून माझं आणि मावसभावाचं दादर ते कल्याण, गर्दीत उभ्या-उभ्या, कितीदा तरी वाजलंय. म्हणून लिहितोय.

त्याचं संस्कृत पक्कं. ज्या भाषेत शब्द हवे तसे हलवता येत नाहीत ती भाषा कच्ची, हे त्याचं ठाम मत. एकदा त्याने मोबाइलवर दोन रूपं दाखवली: विलेग़, म्हणजे मी त्याला बघतो, चोलेग़, म्हणजे तू मला बघतोस. "कोण कोणाला, ते उपसर्गातच आलं की रे! मग क्रमाची कटकट कशाला?"

मी त्याच्याच मोबाइलवर लिहिलं: पुक़ लेग़ याष. अधिकारी मुलाला बघतो. मग कडेच्या दोन शब्दांची अदलाबदल केली: याष लेग़ पुक़. आता मूल अधिकाऱ्याला बघतं. क्रियापद दोन्हीकडे तेच, कारण कर्ता आणि कर्म दोन्ही तृतीयपुरुषी एकवचनी असले की उपसर्ग लागतच नाही. आपला 'ला'सुद्धा तिथे नाही. 'मध्ये', 'हून', 'मुळे', 'साठी' यांना प्रत्यय आहेत, साध्या कर्माला नाही. मग बघणारा कोण हे क्रमाशिवाय कळणार कसं?

घाटकोपर गेल्यावर त्याने दुसरा दाखला काढला. एरवी वाक्याच्या सुरुवातीला येणारं क्रियाविशेषण, जोर देण्याचा प्रत्यय लावलेल्या कर्मानंतरही येऊ शकतं, असं ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रांडच्या शब्दकोशाच्या १९९२ च्या पुरवणीत आहे. "बघ, मोडला क्रम!" मोडला कुठे? कर्म क्रियाविशेषणाच्याही आधी गेलं, पण क्रियापदाच्या आधीच राहिलं. कर्ता शेवटी तो शेवटीच. यावर त्याने विषय बदलला आणि आजतागायत मान्य केलेलं नाही.

आणि कच्ची कशी? ओक्रांड हा कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेवर काम केलेला भाषातज्ज्ञ. १९८४ च्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी भाषा रचताना त्याने हा दुर्मीळ क्रम मुद्दाम निवडला, परग्रहावरची वाटावी म्हणून. ब्राझीलमधल्या हिश्कार्याना भाषेत माणसं याच क्रमाने बोलतात. त्यांना कच्चं म्हणणार का?

हां, 'मी', 'तू' असली सर्वनामं गाळता येतात, तिथे उपसर्ग पुरतो. तेवढ्यापुरता भाऊ बरोबर. आणि 'अमुक हा तमुक आहे' अशा वाक्यांची रचना वेगळी आहे, ती वेगळी शिका. पण आधी मराठी वाक्य करून मग ते उलटं करायची सवय लावू नका, थेट कर्मापासूनच सुरुवात करा. संस्कृत येत असेल तर विभक्ती शोधत बसण्याची ओढ लागेल. कर्त्या-कर्माला तिथे ती नाही, आणि त्यामुळे भाषेचं काही अडतही नाही.