ब्रोकोली पिवळी का पडते?

प्रश्न: ताई, ब्रोकोली फ्रिजमध्ये ठेवूनही दोन दिवसांत पिवळी पडते. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: अहो, भाजीच्या कप्प्यात शेजारी टोमॅटो, केळी किंवा सफरचंद आहेत का बघा. पिकताना त्यांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं ब्रोकोलीच्या कळ्या झपाट्यानं पिवळ्या पडतात. आधी ती फळं तिथून हलवा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर, म्हणून मी गड्डा सकाळीच घेते. गर्द हिरवा, कळ्या घट्ट मिटलेल्या. आणल्या आणल्या धुऊ नका! तुऱ्यांत पाणी अडकलं की काळे डाग पडून सडतो. ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवा, चार-पाच दिवस छान राहतो. जास्त असेल तर तुरे उकळत्या पाण्यात 3 मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून फ्रीझरमध्ये.