मोटलीबाई राजकारणात गेल्या त्या कशा? पारोळ्याच्या एका आईचा प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी एलएलबी झाली, आता जळगावला एका सिनियर वकिलांकडे ज्युनियरशिप करते, रोज पारोळ्याहून एसटीनं अपडाउन. तिचे काका म्हणतात कोर्टात पाच-सात वर्षं फाइली उचलण्यापेक्षा आत्ताच जिल्हा परिषदेला उभी राहा, गट महिला राखीव सुटलाय, पैशाचं आम्ही बघतो. मुलगी म्हणते अमेरिकेत कॉन्स्टन्स बेकर मोटली नावाच्या वकीलबाई होत्या, त्या नागरी हक्कांच्या केसेस लढत लढत राजकारणात गेल्या, मला तसं जायचंय. त्या नेमक्या कशा गेल्या ते सांगाल का, म्हणजे घरात बोलायला बरं पडेल.

उत्तर : ताई, पोरीनं नाव फार चांगलं शोधलंय. पहिलं हे लक्षात घ्या की मोटलीबाई राजकारणात आल्या 1964 साली, आणि तोवर त्यांची जवळजवळ वीस वर्षं कोर्टात गेली होती.

जन्म 1921 चा, कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन गाव. आईवडील नेव्हिस बेटावरून आलेले, वडील तिथल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या क्लबात स्वयंपाकी, बारा भावंडांत ह्या नवव्या. कॉलेजला पाठवायला घरात पैसा नव्हता. गावातल्या एका सभेत त्या बोलल्या ते क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाच्या गोऱ्या उद्योजकानं ऐकलं आणि शिक्षणाचा खर्च उचलला, तेव्हा कुठे शिकल्या. 1946 ला कोलंबियाची लॉची डिग्री. बाबासाहेब शिकले तेच कोलंबिया. (बाबासाहेबही 1937 ला कोर्टाच्या कामासाठीच धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते, 31 जुलैला तिथं अजून माणसं जमतात. मुलीला एकदा घेऊन जा.)

शिकत असतानाच त्या एनएएसीपी ह्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या लीगल डिफेन्स फंडात, म्हणजे कोर्टकचेरी बघणाऱ्या शाखेत, थर्गुड मार्शल ह्या मोठ्या वकिलांच्या हाताखाली लागल्या. शाळांमधला काळा-गोरा भेद घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा ब्राउन खटला तुम्ही ऐकला असेल, त्याचा मूळ दावा लिहिण्यात ह्यांचा हात होता. म्हणजे फाइली उचलणं त्यांनीही केलंय, काकांना हे जरूर सांगा.

मग जेम्स मेरेडिथची केस. मिसिसिपी विद्यापीठ कृष्णवर्णीय मुलाला घ्यायला तयार नव्हतं, बाई न्यूयॉर्कहून पुन्हा पुन्हा मिसिसिपीच्या राजधानीला, जॅक्सनला जायच्या. तिथल्या कोर्टात न्यायाधीशाच्या मागच्या भिंतीवर कापसाच्या मळ्याचं आणि कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीयांचं भलंमोठं चित्र रंगवलेलं, त्याच्यासमोर उभं राहून ह्यांनी आर्ग्युमेंट करायचं, आणि राज्याच्या वकिलाला ह्यांना 'मिसेस मोटली' म्हणणंसुद्धा जड जायचं. तरी जिंकल्या. 1 ऑक्टोबर 1962 ला मेरेडिथचं नाव दाखल झालं, पण आदल्या रात्री दंगल होऊन दोन माणसं मेली. जॅक्सनमध्ये ज्यांच्याकडे बाईंची उठबस असायची ते एनएएसीपीचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स पुढच्या जूनमध्ये स्वतःच्या घराच्या दारात गोळी लागून गेले. इतकं सगळं जवळून बघून बाई कोर्टात उभ्या राहतच होत्या, मला त्यांचं मोठेपण इथं वाटतं.

1963 च्या मे महिन्यात अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये नागरी हक्कांच्या मोर्चात गेलेल्या हजाराच्या वर पोरांना शाळेतून काढलं, खालच्या कोर्टानं दाद दिली नाही तर बाईंनी त्याच दिवशी वरच्या न्यायाधीशांकडून ऑर्डर आणून पोरं परत शाळेत बसवली. सुप्रीम कोर्टात त्यांनी दहा केसेस लढवल्या आणि नऊ जिंकल्या.

1964 ला त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, तिथं बसणारी पहिली कृष्णवर्णीय बाई, गरिबांच्या घरांचा विषय लावून धरला. 1965 ला न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन बरोच्या, म्हणजे एका विभागाच्या अध्यक्ष, तिथल्या हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या सुधारणेचं काम हाती घेतलं. आणि 1966 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाच्या, न्यायाधीश म्हणून नाव दिलं. मिसिसिपीचेच सिनेटर ईस्टलंड यांनी ते कित्येक महिने अडवून धरलं, तरी ऑगस्टमध्ये मंजूर झालं. म्हणजे निवडणुकीचं राजकारण जेमतेम अडीच वर्षांचं, बाकी 2005 ला वारल्या तोवर न्यायाधीशच.

आता काका म्हणतील की आपल्या प्रतिभाताई पाटील जळगाव कोर्टातूनच 1962 ला आमदार झाल्या, वय अवघं सत्तावीस. खरं आहे, आणि पुढं राष्ट्रपती झाल्या हेही खरं. लवकर जाणं चूक आहे असं मी म्हणतच नाही. मला खटकलं ते "पैशाचं आम्ही बघतो" हे वाक्य. ब्लेकस्ली साहेबांनीही पैसा दिला, पण तो पोरीच्या शिक्षणाला दिला, आणि ती सनद पुढं आयुष्यभर तिच्या एकटीची राहिली. इलेक्शनला पैसा लावणारा माणूस नंतर सही कुठं करायची तेपण सांगायला येतो. महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या किती बायकांच्या नावाने नवरा नाहीतर दीर कारभार बघतो ते तुम्ही-आम्ही तालुक्या-तालुक्यात पाहतोच की.

वकिली सोडायचीच असंही काही नाही. आमदार-खासदार राहूनसुद्धा प्रॅक्टिस करता येते हे आपल्या सुप्रीम कोर्टानं 2018 ला सांगितलंय. तेव्हा मुलीला ज्युनियरशिप पुरी करू द्या, वारस नोंदीच्या, पोटगीच्या, वनहक्काच्या केसेस तिच्या स्वतःच्या नावानं चालू द्या, माणसं तिला तिच्या कामानं ओळखायला लागतील. राखीव गट काय, पुन्हा कधीतरी निघेलच. आणि ह्याच वेळी उभं राहायचं ठरलं तर फॉर्म भरायच्या आधी काकांना सगळ्यांसमोर विचारा की निवडून आल्यावर सभेत बोलणार कोण, आणि पोरीनं तुमच्या मनाविरुद्ध मत दिलं तर चालेल का.